खोडावर नसलेला पतंग

मराठी कवितेत पतंग आला, की तो दिव्यावर झेप घेण्यासाठीच येतो. त्याला नाव नसते, गाव नसते, बालपण नसते. एक ज्योत असते आणि एक मरण असते. साहित्याच्या अध्यापनात उमेद घालवूनही, हा पतंग दिवसा कुठे बसत असेल, हा साधा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला एका विद्यार्थिनीमुळे, आणि तोही फार उशिरा.

ज्यांनी अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतले होते, त्यांना एक चित्र आठवत असेल. झाडाच्या खोडाचे दोन तुकडे शेजारी शेजारी. एक खोड फिकट, दगडफुलाने भरलेले. दुसरे काजळीने काळे. दोन्हींवर एक पांढुरका आणि एक काळा असे दोन पतंग बसलेले. फिकट खोडावर काळा पतंग डोळ्यांत भरतो आणि पांढरा शोधावा लागतो. काळ्या खोडावर नेमके उलटे. खाली ओळ असते ती नैसर्गिक निवडीच्या उदाहरणाची. आम्ही कला शाखेचे असल्याने हे चित्र आम्हांला फार पुढे, एका इंग्रजी नियतकालिकातल्या पुस्तक-परीक्षणात भेटले. पुस्तक होते ज्युडिथ हूपर यांचे, २००२ साली आलेले. त्यातले सार आमच्या ध्यानात राहिले ते असे : हे पतंग मुळात खोडावर बसतच नाहीत, अशा छायाचित्रांत मेलेले पतंग टाचणीने वा डिंकाने खोडावर लावलेले असत, आणि ज्या प्रयोगाच्या आधारे ही सारी कथा उभी आहे तो प्रयोगही संशयास्पद आहे.

वाचकहो, त्या काळात साहित्याच्या प्राध्यापकाला याहून चविष्ट घास दुसरा कोणता मिळणार होता? वास्तव हे रचलेले असते, प्रत्येक चित्रामागे चौकट धरणारा हात असतो, विज्ञान हीसुद्धा एक संहिताच आहे, असे आम्ही तेव्हा वर्गात हिरिरीने सांगत असू. २००४ साली एम. ए.च्या वर्गात वास्तववाद शिकवताना आम्ही त्या चित्राची झेरॉक्स सर्वांना वाटली आणि ते ‘वाचून’ दाखवले. तास रंगला. शेवटी एक मुलगी उभी राहिली. ती बी. एस्सी. करून मराठीकडे वळलेली होती. ती म्हणाली, ‘‘सर, चित्र लावून काढलेले असेल; पण म्हणून पतंगाचे काळे होणेही खोटे ठरते का?’’ आम्ही हसून उत्तर दिले, की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची श्रद्धा भाविकांपेक्षाही चिवट असते. वर्ग हसला. ती बसली.

उत्तर टाळ्या घेण्याजोगे होते खरे. ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे कळायला आम्हांला नऊ वर्षे लागली.

आता या पतंगाविषयी थोडे. त्याचे शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलॅरिया. लिनियस यांनी १७५८ साली त्याची नोंद केली. बेट्युला म्हणजे बर्च, अर्थात आपला भूर्ज. ‘बर्च’ आणि ‘भूर्ज’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच्या युरोपातल्या भाईबंदांवरून या किड्याला नाव मिळाले. त्याचे साधे इंग्रजी नाव मात्र स्वयंपाकघरातले आहे, मिरपूड भुरभुरलेला पतंग. पांढऱ्या पंखांवर काळ्या बारीक ठिपक्यांचा सडा. पंख पसरले की रुंदी दोन इंचांच्या आसपास. युरोपापासून आशियातून थेट उत्तर अमेरिकेपर्यंत तो आढळतो. परंतु त्याचे चरित्र लिहिले गेले ते इंग्लंडात.

ज्या कुळात तो मोडतो, त्या कुळाच्या लॅटिन नावाचा अर्थ जमीन मोजणारे. मोजण्याचे काम अळी करते. तिला पुढे पाय आणि अगदी मागे दोन जोड्या आधारपाय; मध्ये काही नाही. त्यामुळे मागचा भाग पुढच्याजवळ ओढून पाठीची कमान करायची आणि मग पुढचा भाग लांबवायचा, अशी वीत वीत मोजत ती चालते. आपले शेतकरी अशा चालीच्या किडीला उंटअळी म्हणतात. (एरंडीवरची आणि सोयाबीनवरची उंटअळी दुसऱ्या कुळातली आहे, चालीवरून नाव द्यायचे असेल तर आपल्या भाषेने लॅटिनपेक्षा चांगले चित्र पकडले आहे, एवढेच.) भूर्ज, ओक, वाळुंज अशा अनेक झाडांची पाने ती खाते. आणि विसावली, की मागच्या पायांनी फांदी धरून अंग ताठ तिरपे करते आणि डहाळी होते. डहाळी तपकिरी असेल तर तपकिरी, हिरवी असेल तर हिरवी. लिव्हरपूलच्या संशोधकांनी या अळ्यांचे डोळे काळ्या रंगाने झाकून पाहिले, तरी त्यांनी डहाळीचा रंग घेतलाच. म्हणजे त्या कातडीनेही रंग ओळखतात. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. शरद ऋतूत अळी जमिनीत उतरून कोष करते, हिवाळा मातीत काढते. मे ते ऑगस्टच्या दरम्यान पतंग बाहेर पडतात. प्रौढ पतंग काही खात नाही; रात्री उडतो, जोडीदार शोधतो आणि दिवसा निश्चल बसून राहतो. त्याच्या आयुष्यातली सारी जोखीम त्या बसण्यात आहे. आमच्या कवींनी नेमका तेवढाच भाग सोडून दिला.

मँचेस्टरमध्ये १८४८ साली या जातीचा एक पूर्ण काळा पतंग मिळाला, आर. एस. एडल्स्टन यांनी ती गोष्ट १८६४ साली छापून नोंदवली. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे साल दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. त्याच १८४८च्या ऑक्टोबरात एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘मेरी बार्टन’ ही मँचेस्टरच्या गिरणी-कामगारांवरची कादंबरी निघाली. तिच्यात जॉब ली नावाचा एक म्हातारा विणकर आहे. त्याला कीटकांचा नाद. त्याच्या खोलीत भिंतींवर तसबिरींच्या जागी टाचण्यांनी टोचलेल्या किड्यांच्या चौकटी आहेत. गॅस्केल मुद्दाम थांबून सांगतात, की या भागात असे विणकर अनेक आहेत. मागावर न्यूटनचा ग्रंथ उघडा ठेवून धोटा फेकणारे, किड्यांची लॅटिन नावे जाणणारे. आम्ही ही कादंबरी तीनदा शिकवली आणि तिन्ही वेळा जॉब लीला विनोदी दुय्यम पात्र म्हणून दोन मिनिटांत उरकले. इंग्लंडातले पतंग काळे होत असल्याचे ज्या जगात टिपले गेले, ते हौशी संग्राहकांचे जग गॅस्केल यांनी त्याच वर्षी, त्याच शहरात रेखाटून ठेवले होते. ते आमच्या डोळ्यांसमोर असून दिसले नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १८९५च्या सुमारास मँचेस्टरच्या परिसरात शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे होते. गिरण्यांच्या धुरातल्या गंधकाने खोडांवरचे दगडफूल मेले, काजळीने साली काळ्या पडल्या. त्या गिरण्यांत अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, मुंबई बंदरातून गेलेला आपला कापूसही मोठ्या प्रमाणावर पिंजला गेला. वऱ्हाड-खानदेशाच्या बोंडांचा त्या काजळीशी एवढा तरी संबंध आहेच. १८९६ साली जे. डब्ल्यू. टट यांनी तर्क मांडला, की काळ्या सालीवर पांढरा पतंग पक्ष्यांना चटकन दिसतो, म्हणून तो मारला जातो आणि काळा उरतो. १९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी गणित करून दाखवले, की इतक्या थोड्या वर्षांत एवढा पालट व्हायचा तर काळ्याला पांढऱ्याच्या सुमारे दीडपट टिकाव हवा. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

मग केटलवेल. बर्नार्ड केटलवेल हे मूळचे डॉक्टर, पतंगांच्या वेडापायी ऑक्सफर्डला आलेले. १९५३च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात त्यांनी पंखाखाली रंगाचा ठिपका देऊन ४४७ काळे आणि १३७ पांढरे पतंग सोडले. पुन्हा हाती लागले ते काळ्यांपैकी १२३ आणि पांढऱ्यांपैकी अवघे १८. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात हाच प्रयोग केला, तेव्हा पारडे फिरले. तेथे पांढरे दुपटीने सापडले. पक्षी खोडावरचे पतंग टिपतात याची चित्रफीत निको टिन्बर्गन यांनी घेतली. पुरावा झाला, चित्र छापले गेले, पाठ्यपुस्तके निश्चिंत झाली.

त्रुटी होत्या, आणि त्या बारीक नव्हत्या. केटलवेल पतंग दिवसा सोडत आणि ते खोडावर ठेवत. रात्री उडून, आपल्या मर्जीने जागा निवडून बसलेला पतंग आणि दिवसाउजेडी माणसाने ठेवलेला पतंग यांत फरक आहे. एका ठिकाणी सोडलेल्यांची गर्दीही अनैसर्गिक होती. पाहुणचार मांडल्यावर पक्षी येणारच. काही पतंग रानातून धरलेले, काही पाळून वाढवलेले, असेही होते. हे दोष कोणी वैऱ्याने काढले नाहीत. केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी १९९८च्या आपल्या ग्रंथात ते सविस्तर मांडले, आणि तरीही मूळ निष्कर्ष योग्यच वाटतो असे म्हटले. त्या ग्रंथाचे परीक्षण करताना जेरी कॉइन यांनी दोष उचलले आणि हे उदाहरण तूर्त बाजूला ठेवावे असे सुचवले. चार वर्षांनी हूपर यांच्या पुस्तकात दोषांची जागा लबाडीच्या संशयाने घेतली. पुढे अभ्यासकांनी तो संशय निराधार ठरवला. आम्ही वर्गात जे सांगितले ते त्या पुस्तकाच्या परीक्षणावरून. मजेरस यांचा ग्रंथ नाही, केटलवेल यांचे निबंध नाहीत, हूपर यांचे पुस्तकसुद्धा नाही. ज्या आम्ही विद्यार्थ्यांना गाइडवरून उत्तरे लिहिल्याबद्दल झाडत असू, त्या आमची ही कथा.

मजेरस यांनी काय केले ते आम्हांला २०१३ साली, दुसरेच काही शोधत असताना आंतरजालावर सापडले. २००१पासून सात वर्षे त्यांनी केंब्रिजजवळच्या आपल्या घराच्या बागेत हा प्रयोग नव्याने केला. झाडांच्या फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधायच्या, संध्याकाळी त्यांत पतंग सोडायचे, रात्रभर त्यांना हवे तेथे बसू द्यायचे, आणि उजाडण्यापूर्वी जाळी काढून घ्यायची. मग घरात बसून दुर्बिणीतून पाहायचे : कोण उरतो, कोण जातो, कोण नेतो. असे ४,८६४ पतंग. केंब्रिजला तोवर हवा स्वच्छ झालेली, काळे पतंग विरळ होत चाललेले. रॉबिन आणि इतर पक्षी ते खात होते, आणि पांढऱ्यांपेक्षा काळे अधिक खात होते. फरक दिवसाला सुमारे नऊ टक्क्यांचा. याशिवाय झाडावर चढून त्यांनी १३५ पतंग नेमके कुठे बसतात ते पाहिले. निम्म्याच्या आसपास आडव्या फांद्यांवर, बहुधा खालच्या अंगाला. पण तिसऱ्या हिश्शाहून अधिक चक्क खोडावर.

पतंग खोडावर बसतच नाहीत, असे आम्ही फळ्यावर लिहून अधोरेखित केले होते.

हे निष्कर्ष मजेरस यांनी २००७ साली एका परिषदेत सांगितले. लेख लिहून होण्याआधी, २००९च्या आरंभी, ते वारले. चार सहकाऱ्यांनी त्यांची आकडेवारी २०१२ साली प्रसिद्ध केली. केटलवेल यांचे दोष दाखवणारा माणूसच सात उन्हाळे पहाटे उठून ते दोष दुरुस्त करत होता, आणि त्याच काळात आम्ही त्याच दोषांवर टाळ्या मिळवत होतो. दोघांनाही समीक्षक म्हणतात.

कथा तेथेही थांबली नाही. २०१६ साली लिव्हरपूलच्या गटाने काळेपणाचे कारण जनुकांत शोधले : सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक उडी मारणारा तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकात येऊन बसला होता. ही घटना १८१९च्या आसपासची असावी, असे त्यांचे अनुमान. मँचेस्टरात पीटरलूच्या मैदानावर कामगारांच्या सभेवर घोडदळ घातले गेले ते १८१९. (अनुमानाच्या सालाला इतिहासाची तारीख चिकटवण्याचा मोह आम्हांला अजूनही होतो, वाचकांनी तो आमच्या खात्यावर मांडावा.) आणि २०२४ साली फुलपाखरांवरच्या कामातून असे दिसू लागले आहे, की रंग ठरवणारा खरा घटक कॉर्टेक्स नसून त्याच्या शेजारचा एक सूक्ष्म आरएनए असावा. पाठ अजून शुद्ध केला जात आहे.

२०१३ साली आम्ही त्या विद्यार्थिनीचा पत्ता मिळवला. ती सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होती. मजेरस यांच्या आकडेवारीचा लेख छापून, सोबत पत्र लिहून पाठवला. त्या दिवशी तुमचा प्रश्न योग्य होता आणि आमचे उत्तर उर्मट होते, असे लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. ‘सर, लेख वाचला. तो तास मला चांगला आठवतो. त्यानंतर मी प्रश्न विचारणे सोडले नाही, फक्त तुमच्या तासाला विचारणे सोडले.’ खाली एक ओळ होती : ‘कधी जमल्यास एखादा फोटो पाठवा. खोडावरचा नको, फांदीखालचा.’

तो योग २०१९च्या जूनमध्ये आला. आमचा भाचा मँचेस्टरच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. त्याच्याकडे महिनाभर होतो. शहर आता काळे नाही. इंग्लंडात १९५६ साली धुराविरुद्ध कायदा झाला, आणि काळ्या पतंगांची उतरंड सुरू झाली. मर्सीपलीकडे लिव्हरपूलजवळ सर सिरिल क्लार्क नावाचे डॉक्टर आपल्या घरी १९५९पासून दर उन्हाळ्यात पतंग धरून मोजत होते. आरंभी त्यांच्या सापळ्यात शंभरातले नव्वदहून अधिक काळे येत. १९९५ साली वीसही उरले नव्हते. आम्ही गेलो तेव्हा काळा पतंग पाहायला मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट झाली होती.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, शेजारच्या आजोबांना विचारा. ते रात्री बागेत दिवा लावून बसतात. आम्हांला आधी वाटले, काही व्रत आहे.’’ व्रतच होते. एक प्रखर दिवा, त्याखाली पेटी, पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पतंग दिव्याकडे येतात, पेटीत घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत शांत बसून राहतात. पहाटे ते एकेक ट्रे उचलून नावे वहीत टिपतात आणि सर्वांना सोडून देतात. ज्योतीवर झेपावणाऱ्यांचे हे असेही होऊ शकते, हे पाहून आमची थोडी फजितीच झाली.

तिसऱ्या पहाटे तो आला. पांढरा, ठिपक्यांचा, अंगावर केसाळ लव. आम्हांला वाटला होता त्याहून धष्टपुष्ट. आजोबांनी त्याला बोटावर घेऊन बागेतल्या भूर्जाकडे नेले. तो उडाला, एका फांदीखाली जाऊन चिकटला, किंचित सरकला आणि दिसेनासा झाला. म्हणजे तो तेथेच होता. आम्हांला फांदी तेवढी दिसत होती. त्यांनी बोट धरून दाखवले तेव्हा साल आणि पंख यांच्यामधली कड आम्हांला कशीबशी सापडली. मोबाइलवर छायाचित्र घेतले. मग म्हातारबुवा जरा खजील होऊन म्हणाले, की ही जागा त्याने निवडलेली समजू नका. उजाडल्यावर मी सोडला म्हणून जवळची फांदी धरली त्याने, रात्री मोकळा असता तर कुठे बसला असता कोण जाणे. केटलवेल यांच्यावरचा पहिला आक्षेप हाच.

छायाचित्र त्याच दिवशी पाठवले. खाली लिहिले : ‘मँचेस्टर, जून २०१९. पतंग सापळ्यात आलेला. पहाटे साडेपाचला हाताने सोडला. जागा त्याने पूर्ण मोकळेपणी निवडलेली नाही.’ थोड्या वेळाने उत्तर आले. ‘सर, तळटीप आवडली. पण यात पतंग कुठे आहे?’

आम्ही बाण काढून दुसरी प्रत पाठवली.